विल्फ कबुतरखान्यात आहे

मंगळवार, ४ जून २०१९

जिंकले! आमच्या म्हाताऱ्यांच्या क्लबात आज जाहीर झालं — नको ते फोन करणाऱ्या दलालाला सगळ्यात जास्त वेळ लटकवून ठेवण्याचा मान फ्रीडा ऑर्मरॉड हिला! वॉल्टर बसला तोंड पाडून. तो बिचारा फोनवाल्यांना आपल्या गुडघ्याची कहाणी सांगतो. तेवढ्यावर कोण थांबणार?

माझी युक्ती साधी. पलीकडून सुरू होतं — "बाई, कर्जाबरोबर तुमच्या गळ्यात हप्त्यांचा तो पीपीआय विमा मारला होता का? पैसे परत मिळवून देतो, आमची दलाली तेवढी —" की मी म्हणते, "थांबा हं, आमच्या विल्फला विचारते." मग मागचं दार उघडायचं आणि बागेच्या टोकाकडे तोंड करून ओरडायचं, "विल्फ! अरे ए विल्फ! फोन!" परत येऊन सांगायचं, "कबुतरखान्यात आहे. शर्यतीची पाखरं यायची वेळ झालीय, येईलच आता." मग चहा टाकायचा. मग पुन्हा हाक.

विल्फला जाऊन तीन वर्षं झाली. कबुतरं त्याच्या जुन्या दोस्ताकडे, वॉल्टरकडे आहेत. कबुतरखान्यात आता माझ्या कुंड्या.

म्हणून काय हाक मारू नये?

शनिवार, ८ जून

म्युरिएल आली होती. विल्फची थोरली बहीण — आणि नणंद असावी तश्शी! कोट काढायच्या आधीच सुरू. "आपल्या अख्ख्या बर्नली गावानं बँकांकडून विम्याचे आपले पैसे काढून घेतले. कुणाचा काचेचा सोपा झाला, कुणी स्पेनला जाऊन उन्हानं लाल होऊन आलं. तू बस फोनवर तमाशे करत! २९ ऑगस्टला अर्जांचं दार बंद होतंय, कळलं?" अर्ज तिनं आणलाच होता. थेट बँकेचा, मध्ये दलाल नाही. तिनंच भरला. मी चहा केला आणि सही केली.

नव्व्याण्णव साली विल्फनं व्हॅनसाठी कर्ज काढलं. बँकेतला तो गुळगुळीत पोरगा म्हणाला, "विमा घ्यावाच लागेल. काम बंद पडलं तर हप्ते आम्ही भरू." विल्फ लोकांच्या खिडक्या पुसायचा. स्वतःचा धंदा, स्वतःची शिडी. पुढे त्याच शिडीवरून पडून पाय मोडला, तेव्हा बँक म्हणाली — स्वतःचा धंदा असणाऱ्यांना हा विमा लागूच नाही! अरे, मग विकलात कशाला?

विल्फ भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मी वाचलं नाही, फ्रीडा. मूर्ख मीच." त्यानंतर घरात कसलाही कागद आला की गुपचूप माझ्याकडे सरकवायचा. अगदी बागेच्या बियांच्या पाकिटावरचं वाचायचं असलं तरी!

पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, कुणाला नको असतात? पण मला बँकेकडून लेखी हवंय, की मूर्ख तो नव्हता.

गुरुवार, २० जून

नवं गिऱ्हाईक! मुलगी आहे. आवाज गोड, बोलणं आमच्याच भागातलं. "मिसेस ऑर्मरॉड? मी साइमा. मिस्टर विल्फ्रेड ऑर्मरॉड यांच्या कर्जाबद्दल —" पुढे बोलू देईन तर ना! "थांब हं पोरी!" दार, बाग, हाक. चहा. परत आले तर ती अजून तिथेच.

"काय म्हणाले?" — तिनंच विचारलं!

"म्हणतोय, निळी मादी अजून आली नाही."

"अरेरे. काळजीत असतील. मी नंतर करते हं."

बाकीचे चिडतात, आपटतात. ही चिडतच नाही. खेळाची मजा गेली म्हणावं, तर तसंही नाही.

मंगळवार, २ जुलै

साइमा! आणि पहिलाच प्रश्न, "आली का निळी मादी?"

 म्हटलं, "आली गं, पण छपरावर बसून राहिलीय. पाखरू आत शिरेपर्यंत शर्यतीची वेळ धरत नाहीत ना! विल्फ खाली उभा राहून मक्याचा डबा वाजवतोय, आणि ती बया पिसं साफ करतेय." साइमा खो खो हसली. मीही हसले. खरंच झालं होतं असं, चौऱ्याऐंशी साली. बक्षीस गेलं होतं हातचं. विल्फ दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. माझ्याशीही.

क्लबात सांगितलं. वॉल्टर म्हणाला, "ही धरायची नाही! पोरगी आपणहून थांबते. नियमात बसत नाही." जळतो मेला.

शनिवार, १३ जुलै

साइमाचा फोन. विल्फला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. "आल्याचा चहा द्या," म्हणाली.

शुक्रवार, १९ जुलै

मेले! मेले, मेले!

बँकेचं पत्र. "आपल्या अर्जासंबंधी आम्ही आपणांस वारंवार फोन केला, परंतु बोलणे पूर्ण होऊ शकले नाही. कृपया संपर्क साधावा." खाली सही — साइमा अख्तर.

ती खरी बँक होती! एवढ्या लबाडांत एक खरी आली, आणि मी तिला निळी मादी सांगत बसले!

शनिवार, २० जुलै

म्युरिएलनं डोकं धरलं. "अर्जात मी लिहिलंय, माझा भाऊ वारला. आणि तू फोनवर सांगतेस, त्याला सर्दी झालीय! बँक काय समजेल? लुच्चे समजेल! फेकून देईल अर्ज!"

वॉल्टर बसला होता. गंभीर चेहरा करून म्हणाला, "वाटल्यास मी विल्फ होतो. त्याचा आवाज मला काढता येतो." आणि खोकून दाखवलं. अगदी विल्फच!

"म्हणजे तो थडग्यातून उठून फोनवर आला म्हणायचं?" म्युरिएल किंचाळली. "गप बस आणि केक खा."

मग आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारीण भिंत वाजवायला लागली.

शुक्रवार, २ ऑगस्ट

फोन करायचाय. केला नाही.

बँकेची भीती नाही, खरं सांगते. फोन केला तर सांगावं लागेल, की तो गेला. आणि हे वाक्य मी कधी म्हटलेलंच नाही. तेव्हा सगळ्यांना म्युरिएलनं कळवलं. अर्जातही तिनंच लिहिलं. मी आपली चहा करत असते.

पण नाही सांगितलं, तर बँकेच्या कागदात तो कायमचा मूर्ख राहील. हे मला चालायचं नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

केला. उभ्यानंच केला, बसले असते तर हिंमत झाली नसती. साइमाच आली फोनवर. मी म्हटलं, "पोरी, मी तुझ्याशी खोटं बोलले. माझा विल्फ नाहीय. वारला तो. कबुतरखान्यात कुंड्या आहेत."

म्हटलं. तोंडातून निघालं. छत कोसळलं नाही.

साइमा रागावली नाही. हळूच म्हणाली, "थँक्यू, मिसेस ऑर्मरॉड. मला एकच विचारायचं होतं. विमा विकला तेव्हा ते नोकरीत होते की स्वतःचा धंदा?"

"स्वतःचा. स्वतःची शिडी."

"बस्स. एवढंच हवं होतं."

एवढंच! खूप रडले. मग भूक लागली, म्हणून जाऊन गरम तळलेले चिप्स आणले, भरपूर व्हिनेगर मारून. कधी नव्हे इतके गोड लागले.

गुरुवार, २९ ऑगस्ट

शेवटचा दिवस. दलालांचे फोन वेड्यासारखे वाजताहेत. एकही उचलला नाही. लटकवायला मनच होईना.

बुधवार, ४ सप्टेंबर

आलं! आलं!! पत्रातलं वाक्य जसंच्या तसं उतरवते — "श्री. ऑर्मरॉड यांना हा विमा विकावयास नको होता. चूक आमची आहे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

चूक आमची!

क्लबात खुर्चीवर उभी राहून वाचलं. म्युरिएल ओरडत होती, "पडशील! घराण्यात एक पाय मोडला तेवढा पुरे!" वॉल्टर उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सगळे माझ्याबरोबर म्हणाले. मग सगळ्यांना बिअर माझ्याकडून. म्युरिएलनं तर दोन घेतल्या आणि पियानोवर जाऊन बसली. तिला पियानो येत नाही!

विल्फ, ऐकलंस ना?

शनिवार, ७ सप्टेंबर

काल आभार मानायला साइमाला फोन केला. राहवेना म्हणून विचारलं, "अर्ज तर पहिल्या दिवसापासून तुझ्यासमोर होता. तो गेलाय, हे तुला ठाऊक होतं. मग निळी मादी आली का, असं कशाला विचारायचीस गं?"

 म्हणाली, "आमची अम्मी अजून ताटं मांडली की जिन्याखाली उभी राहून अब्बांना हाक मारते. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मी फार चिडायची तिच्यावर. तुम्ही भेटल्यापासून नाही चिडत. आता विचारते, काय म्हणाले अब्बा? मग ती सांगते. इतकं सांगते!"

पुढच्या शनिवारी दोघी येताहेत. चीज-कांद्याची पाई करीन. मग तिची अम्मी आणि मी मागच्या दारात उभ्या राहू — बघू या कुणाचा आवाज लांब जातो!