चाळीस फाइलींना आवतण

तामसी, ता. १६ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप भगवंतदादांच्या चरणी धाकट्या महिपतचा दंडवत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इथे आम्ही दोघं, मी आणि तुमची पंचफुला, खुशाल आहोत. (खुशाल ती आहे. मी आहे, एवढंच.)

तुमची अट होती, की पोरगी माझ्याकडे राहून आदिलाबादच्या कॉम्प्युटर क्लासला जाईल, पण काका सोबत शिकत असेल तोवरच. मी कापसाचा माणूस. तरी चपला बाहेर काढून रोज त्या थंडगार खोलीत बसलो. आमची भाषा सी प्लस प्लस. तिच्यात प्रोग्रामच्या माथ्यावर, मदतीला कोणत्या फाइली बोलवायच्या, ते आधी लिहावं लागतं. आता आपल्याकडे लग्नात एक चुलता बोलवायचा राहिला तर तीन पिढ्यांचा अबोला. म्हटलं, उगाच कुणाचा मान चुकायला नको. यादीतल्या चाळीसच्या चाळीस फाइलींना आवतण दिलं. काम काय, तर पडद्यावर माझं नाव दाखवायचं. मशीनने हात टेकले. पंचफुलाने एकोणचाळीस ओळी पुसल्या आणि म्हणाली, "काका, ज्याचं काम हाय त्यालेच बोलवा. इथं कोनी रुसत नाई." लगेच नाव आलं. दादा, खरं सांगतो, तिच्याकडे बघून ऊर भरून आला. (नावामुळेही थोडा.)

पुढे ऑब्जेक्टचा, म्हणजे प्रोग्राममध्ये एखादी वस्तू घडवायचा, धडा. मी बैल घेतला. रंग, शिंगं, दात, सगळं लिहिलं आणि त्याला चालायचा हुकूम सोडला. तो ढिम्म. तीन दिवस मी त्याचे दातच तपासत होतो. शेवटी पंचफुला म्हणाली, "बैल कसा रायते ते तुमी लिवलं. पन बैल आनलाच नाई." पोळ्याच्या मातीच्या बैलांचं तसंच की, साचा वेगळा आणि त्यातून काढलेला बैल वेगळा. तिने एका ओळीत बैल आणला आणि तो चालला. आता सरसुद्धा अडले की तिला विचारतात. आपल्या घरात एवढं डोकं कुठून आलं याचा मी बराच विचार केला. वहिनींकडून असावं.

आपला आज्ञाधारक,
महिपत

ता. क. परीक्षा झाली. पंचफुला पहिली आली, तिला पुढच्या वर्गात बसायचं आहे. मी नापास. म्हणून मी पहिल्याच वर्गात पुन्हा नाव घातलं आहे. म्हणजे तुमची अट मोडत नाही, काका शिकतोच आहे. मला हे समजायला अजून दोन वर्षं सहज लागतील. तोवर तिला बघायला पाहुणे आणू नका, एवढीच विनंती.

आणखी एक. मी तिच्यासाठी मुद्दाम नापास झालो असं समजून पोर काल रडली, माझ्या पाया पडली. पेपर मी जीव तोडून लिहिला होता, हे तिला कळू देऊ नका.