पुढच्या दोन खोल्या

प्रिय चारुशीला,

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलेलं पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी आई अंगणात मूगवड्या घालून कावळ्यांशी भांडते आहे.

बातमी अशी, की तुझा बाप वकिलाकडे जाऊन आला! जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, कोर्टाचा जिना कधी चढलो नाही. पण घरमालक झालो आणि अक्कल ठिकाणावर आली. तुझं लग्न झाल्यावर पुढच्या दोन खोल्या मनोहररावांना भाड्यानं दिल्या, तेव्हा माझा समज साधा होता. घर आपलं, लागेल तेव्हा सांगू, ते निघतील. ना करारपत्र केलं, ना कधी पावती फाडली. सदर भागातल्या वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "मास्तर, घर तुमचं हाये, पन भाडेकरूले नुसती नोटीस द्याची तरी रेंट कंट्रोलरची परवानगी लागते. अन् ते बिनाकारन भेटत नाही." कारणं मोजकीच. आपल्याला लागू पडतं ते एकच, घरच्या माणसासाठी खोल्यांची खरी गरज. मग गरज कोणाची, ते माणूस आज कुठं राहतं, तिथं काय अडचण आहे, हे सगळं अर्जात लिहायचं आणि समोरच्या वकिलानं विचारलं की शपथेवर सांगायचं.

तुझ्या आईनं तोड काढली, पुतण्या शिकायला येतोय असं लिहा. मी भडकलोच. खोटं पकडलं जाईल ही भीती होती, पण राग त्याचा नव्हता. गरज कोणाला आहे हे आम्ही दोघंही जाणतो आणि तिचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही, त्याचा होता. दिवाळीला तू स्वयंपाकघरात अंथरूण टाकलंस. मनगटावरचा डाग इस्त्रीचा म्हणालीस. आईनं आणखी आठ दिवस राहा म्हटलं, तर हसून म्हणालीस, राहायला जागा कुठं आहे? मीही हसलो गं. त्याचं फार वाईट वाटतं.

काल मनोहररावांना सरळ सगळं सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, हवं तर रागाव. माणूस भला, पण मुलांची शाळा इथंच, दुसरं घर मिळणं सोपं का आहे? त्यांच्या पत्नी सिंधूताई मात्र उठल्या आणि मधल्या दाराला लावलेलं कपाट एकट्याच ढकलू लागल्या. "काकाजी, एक खोली आजच घ्या. पोरीले आधी घरी आना, कोर्ट चालत राहीन." बंद ठेवलेलं ते दार काल उघडलं. तुझी आई चौकटीला धरून रडली.

तरीही अर्ज करणारच. एकदा तोंडी व्यवहार करून शिकलो आहे. तुझी जागा आता कुणाच्या भलेपणावर ठेवायची नाही. मनोहररावांना दुसरं घर मिळेपर्यंत मुदत देऊ, तीही लिहूनच. अर्ज तयार आहे. फक्त गरज कोणाची, तेवढी ओळ कोरी ठेवली आहे. तिथं तुझं नाव आलं की ते कचेरीत मोठ्यानं वाचलं जाईल, गल्लीत चर्चा होईल, तुझ्या सासरीही पोचेल. मला त्याची लाज नाही, तुझ्या आईलाही आता उरली नाही. पण नाव तुझं, म्हणून तुला विचारायला हे पत्र लिहिलं. उत्तर टपालानं पाठवू नकोस. शाळा सुटली की तिकडे न जाता वर्ध्याहून सरळ गाडीत बस, आणि ती ओळ तुझ्या हातानं भर. भरावीशी वाटली नाही तरी ये. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला आहे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा