मैनीला सांगितलेलं

मळ्यातून, राहाता
६ डिसेंबर २०२५

चि. संस्कृती हिस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघे आणि गोठ्यातल्या तिघी खुशाल आहोत. थंडी चांगली पडली आहे, गव्हाला मानवेल. पेरू आता खरे गोड लागायला लागलेत, कुणी नगरला निघालं की पिशवीभर पाठवतो. तू शिकवतेस त्या शाळेतल्या पोरांना वाटू नकोस सगळे, दोन स्वतःला ठेव.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोन स्पीकरवर लागतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याला तुझी आई पुरवणी जोडते, हे तुला ठाऊक आहे. शेवटी बोलणं तिचंच होतं आणि मी फक्त 'हां' म्हणायला उरतो. म्हणून हे पत्र.

परवा दूध घालायला डेअरीवर गेलो तर काकासाहेबांनी कॅन बाजूला ठेवून पेपर पुढे केला. जिल्ह्याच्या पानावर नगरच्या कलासंग्रहालयाची बातमी होती. नवीन चित्रकारांची चित्रं मांडलीत, लोकांची झुंबड उडाली आहे वगैरे. शेजारी तुझ्या चित्राचा तळहाताएवढा फोटो. काकासाहेब म्हणाले, "गहिनीनाथ, ही तुजी मैनीच हाय ना रं? डाव्या शिंगाचा बाक बघ की." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बिभीषणने विचारलं, "पर ह्यो खाली बसलेला मानूस कोन म्हनायचा?" म्हणजे गाय आधी ओळखली आणि मालक मागून. काकासाहेबांनी खालचं नाव मोठ्याने वाचलं, 'मैनीला सांगितलेलं'. बिभीषण म्हणाला, "आता आमाला बी कळू दे, काय सांगतो तिला." मी म्हटलं, "काकासायबाचं फॅटचं मशीन बराबर न्हाई, येवढंच सांगतो." हशा झाला, विषय तिथेच मिटला.

कात्रण मी घेऊन आलो. आईला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "शर्टाची शिलाई उसवल्याली पोरीनं बराबर काडली." दुसऱ्या दिवशी तिने तो शर्ट शिवून टाकला.

तर विचारायचं एवढंच, की ते संग्रहालय बघायला चांगली वेळ कोणती? म्हणजे गर्दी नसते अशी. माझे गुडघे आता रांगेत उभं राहू देत नाहीत. शिवाय चित्र बघायचं तर समोर मोकळं हवं, माणसांच्या डोक्यांवरून बघायला ती काही कुस्ती नाही. तू आमच्यासाठी सुट्टी काढू नकोस, तू सोबत असायलाच पाहिजे असंही नाही. मला वाचता येतं, तिकीट काढता येतं.

आणि सहज एक विचारतो. चित्राला नाव कोण देतं? संग्रहालयवाले की काढणारा? तसं काही नाही, बिभीषण विचारत होता.

तुझा,
आप्पा


मळ्यातून, राहाता
१९ डिसेंबर २०२५

चि. संस्कृतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांचं पत्र आलं म्हणून पोस्टमन चहा पिऊन गेला. तू वेळा इतक्या नीट लिहिल्यास की मी आईला वाचूनच दाखवल्या. गुरुवारी शिर्डीचे लोक, शनिवारी शिंगणापूरचे, रविवारी सगळीकडचेच, सोमवारी बंद. मधल्या वारी सकाळी उघडता उघडता गेलं तर हॉलमध्ये आपल्याच चपलांचा आवाज येतो, नाहीतर संध्याकाळी बंद व्हायच्या आधीचा तास. अकरा ते तीन शाळांच्या सहली, ती वेळ टाळा. सगळं समजलं.

आता आमची अडचण ऐक. पहाटेची धार काढून, दूध घालून, एसटी पकडली तर मी नगरला पोचतो अकराच्या पुढे, म्हणजे बरोबर तुझ्या सहलींच्या तोंडात. आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं तर तीनच्या आत निघालंच पाहिजे. तुझ्या दोन्ही शांत वेळा मैनीने अडवल्या आहेत. बाकीच्या दोघी कुणालाही दूध देतात. मैनीचं तुला माहीत आहे. माझा हात नसला की पान्हा चोरते, वर बादली उडवते. ती गाभण आहे, आटेल ती महाशिवरात्रीच्या सुमारास. ती आटली की मी मोकळा, दिवसभर नगरला बसून राहीन. पण तू लिहितेस की संक्रांत झाली की चित्रं उतरवणार. संग्रहालयाने तारीख ठरवताना आमच्या गोठ्यात विचारायला हवं होतं.

चित्र पुन्हा कुठे लागेल, कोण विकत नेईल, मला दिसेल की नाही, काही सांगता येत नाही असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, हे खरं आहे.

आता एक सांगतो, आईला कळवू नकोस. मी येऊन गेलो.

गेल्या रविवारी, तुझं पत्र यायच्या आधीच. पेंड आणायला नगरला जातो म्हणून निघालो. पेंड राहात्यातच मिळते, हे मला वाटेत आठवलं. रांगेत उभा राहिलो. पुढे वांबोरीकडच्या बायका होत्या, त्यांनी मला शेंगदाणे दिले. आत तुझ्या चित्रापाशी पोचलो तर समोर माणसांची भिंत. मोबाईल वर धरलेले हात. मला दिसलं ते पत्र्याचं छप्पर आणि मैनीचं बाक असलेलं शिंग. बाकी काही नाही. पण शिंग पाहूनच मला कळलं की तू ते किती वेळ बघत बसली असशील. तेवढा पत्रासुद्धा आपलाच आहे, गंजाच्या डागासकट.

माझ्या पुढे एक जोडपं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, "हा माणूस गाईच्या अंगाला कपाळ टेकवून काय सांगत असेल?" नवरा म्हणाला, "दूध दे म्हणत असेल, दुसरं काय." मला हसू आलं. हसता हसता एकदम डोळे भरून आले, आणि थांबेनात. भर माणसांत, साठीकडे झुकलेला माणूस, टोपी डोळ्यांवर ओढून उभा. वांबोरीच्या बाईने विचारलं, "बाबा, बरं वाटंना का?" मी म्हटलं, "गर्दीनं घाबरल्यासारकं हुतंय." आणि पाठ फिरवून बाहेर आलो. तुझ्या खोलीवर आलो असतो, पण त्या तोंडाने कुठे येऊ?

पेंड न आणताच घरी आलो. दुकान बंद होतं, असं सांगितलं. आईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ताट वाढलं.

म्हणून मी शांत वेळ विचारत होतो. गुडघे ठीक आहेत. मला चित्रासमोर एकट्याने उभं राहायचं होतं, जे व्हायचं ते कुणी बघू नये. तू तर मुळीच नको होतीस. आता तूच सांग, मैनी आटेपर्यंत ते चित्र कुणी थांबवून ठेवील का?

आप्पा

ता.क. नाव तूच दिलंस असं लिहिलंस. बरं. पण तू काय ऐकलंस, ते मात्र लिहिलं नाहीस.


मळ्यातून, राहाता
७ जानेवारी २०२६

चि. संस्कृती, माझ्या बाई,
आशीर्वाद, आणि बातमी. बातमी आधी सांगतो, नाहीतर आई मागून वाचते आहे, ती सांगून टाकेल.

चार दिवसांपूर्वी दुपारी तुझी आई माझा तोच शिवलेला शर्ट घालून अंगणात उभी. डोक्याला माझी टोपी. मी म्हटलं, "राहीबाई, हे काय सोंग?" ती म्हणाली, "पेंडीचं दुकान रविवारी उघडं असतं. काकासायबाच्या मंडळींना इचारलंय मी." मग म्हणाली, "तुमी चित्र बगायला जानार, येकदा न्हाई, धा येळा जा. पर मैनीनं मला दूद दिलं पायजे. आता ती शर्टाचा वास घिऊ दे."

धार काढणाऱ्याचा शर्ट घालून गाईखाली बसायची ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे, पण आमच्या घरात कधी लागली नव्हती. संध्याकाळी आई बसली. मैनीने शर्ट हुंगला, टोपी हुंगली, आणि पान्हा काही सोडला नाही. सड नुसते कोरडे. आईने थोपटलं, कास पुन्हा कोमट पाण्याने धुतली. मैनीने पाय उचलला तेव्हा बादली मी ओढून घेतली म्हणून वाचली.

मग आईने वर न बघता विचारलं, "तुमी तिच्यासंगं काय बोलता?"

मी म्हटलं, "काय न्हाई. आपलं असंच."

"असंच न्हाई. तुमी बोलल्याबिगर ती देत न्हाई. बोला, न्हाईतर म्या बोलते."

बायकोसमोर बोलायचं म्हणजे काय सोपं आहे? मी चारा सारखा करायला लागलो. आणि मागून आईचा आवाज आला. तिने कपाळ मैनीच्या अंगाला टेकवलं होतं, अगदी माझ्यासारखं, आणि माझ्याच सुरात हळूहळू म्हणत होती, "मैने, पोरीचा फोन आल्ता. बरी हाय. जेवन येळेवर करीत न्हाई. गुरुवारी येते म्हनली, पर यायची न्हाई, काम हाय तिला. चित्र काडती. लई चांगलं काडती, मैने. घर कसं सुनं सुनं लागतं. तिला म्हनू नको, उगं काळजी करील."

संस्कृती, शब्द न् शब्द माझाच. तू नगरला शिकायला गेलीस त्या दिवसापासून मी जे सांगत आलो, ते सगळं ती पत्र्याच्या पलीकडून भाकरी थापताना ऐकत होती. मैनीने कान हलवला आणि बादलीत धार वाजली. पहिली धार, मग दुसरी, मग फेस. आई बोलत राहिली आणि बादली भरत गेली. मी गव्हाणीला धरून उभा होतो आणि डोळ्यांचं पाणी पुसायचंही सुचलं नाही. आई उठली, बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रडू द्या. हितं कोन बगतंय? आन बगितलं तर काय हुतंय?"

ती तेवढंच बोलली आणि दूध गाळायला गेली. मी मात्र त्या बोलण्यात अडकलो. रात्री जेवताना, सकाळी पाणी धरताना, तेच डोक्यात. खरंच, बघितलं तर काय होतं?

आता गंमत बघ. मैनी आईला दूध देते म्हणजे तुझ्या दोन्ही शांत वेळा मला मोकळ्या झाल्या. मधल्या वारी येईन, आपल्याच चपलांचा आवाज ऐकेन, कुणी बघणार नाही. आणि नेमकी तीच वेळ मला नको झाली. रिकाम्या हॉलमध्ये मी तुझं चित्र बघून काय करू? मला ती माणसांची भिंत हवी आहे. वर धरलेले मोबाईल हवेत. ती बाई पुन्हा विचारू दे, हा माणूस काय सांगत असेल. या वेळी मी पुढे होऊन सांगणार आहे.

हे ऐकून आई म्हणाली, "मंग म्या शर्ट कशापायी घातला?" आता ती रोज मला त्यावरून बोलते. पण तिलाही एक गोष्ट सुचली. गर्दीची वेळ दोन धारांच्या मधलीच आहे. पहाटेची धार काढून निघायचं, संध्याकाळच्या धारेला परत. म्हणजे मागे कुणी राहायलाच नको. आम्ही दोघेही येतो. तिने जरीकाठाचं लुगडं उन्हात टाकलं आहे. वांबोरीच्या बायका भेटल्या तर द्यायला शेंगदाण्याचे लाडू बांधते आहे. भेटायच्या नाहीत म्हणून सांगितलं, ऐकत नाही. काकासाहेब आणि बिभीषणही येतो म्हणतात. बिभीषणला खालचा माणूस कोण ते खात्री करून घ्यायची आहे.

तर येत्या रविवारी, संक्रांतीच्या आधी, बारा वाजता. सगळ्यात जास्त गर्दी त्याच वेळी असते ना? नसेल तर लगेच कळव, आम्ही वेळ बदलू. आणि तू सोबत ये. चित्राच्या कडेला नको, माझ्या शेजारी उभी राहा. माझे डोळे वाहायला लागले तर वाहू दे, टोपी मी ओढणार नाही.

तू काय ऐकलंस, ते आता विचारत नाही. स्टँडवर तुला सोडलं तेव्हा 'नीट जा' एवढंच मला म्हणता आलं. बाकीचं सगळं मैनीकडे गेलं. आज तुझ्यासाठी लिहितो. तुझ्यावाचून घर सुनं लागतं, संस्कृती. आणि तू चित्र काढतेस याचा मला फार फार अभिमान आहे. दोन्ही खरं आहे, रोज, दोन्ही वेळेला.

पेरू घेऊन येतो. कात्रण खिशात आहे.

यापुढे आधी तुला आणि मग मैनीला सांगणारा,
तुझा आप्पा