बाळगोळी

आये,

काल तुझ्या नातीकडे जेवायला गेले होते. तिची मुलगी, म्हणजे तुझी पणती, आता दीड वर्षाची आहे. एक मिनिट बूड टेकत नाही. मिक्सरची वायर ओढ, चपलेचा पट्टा तोंडात घाल, आजोबांचा चष्मा पळव. नातीची सासू मेटाकुटीला येऊन म्हणाली, "हिला झोपवायला काहीतरी द्यायला हवं बाई." त्यावर आपली पोर हसत हसत सगळ्यांसमोर म्हणते कशी, "माझी आजी मला अफू द्यायची! मारलंच होतं मला तिने." सगळे खो खो हसले. मी भात वाढत होते, हात तसाच थांबला. असलं घाणेरडं तिच्या डोक्यात कोणी भरवलं, म्हणून मी तिच्याकडे डोळे फाडून बघत राहिले. मग आठवलं, मीच. लहानपणापासून शंभरदा मीच सांगितलंय तिला.

म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही वीस वर्षं होत आली, तरी बसलेय.

ते दिवस तुला आठवत असतील. बोईसरला एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात मला पॅकिंगला घेतलं होतं, आणि ह्यांची नोकरी तेव्हा वापीला. पोरीला सांभाळायला कोण? म्हणून तिला काखेत मारून मी मुरब्याला तुझ्याकडे राहायला आले. चौदा महिन्यांची होती, नुकते पाय फुटलेले. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असायचे, ही खालून जाऊन लोंबकळायची, हाताला लागेल तो ओला बोंबील चावायची. वाळू खायची, मग ओकायची, मग पुन्हा खायची. तू कपाळाला हात लावून म्हणायचीस, "ही पोर नाय गो, भरतीचं पानी हाय. कुटनं घुसंल सांगता येत नाय." त्यात दात येत होते. ना स्वतः झोपायची, ना मला डोळा लागू द्यायची. पहाटे उठून मी एसटी पकडायची आणि मशीनवर डुलक्या काढायची. सुपरवायझरने दोनदा पकडलं. म्हणाला, "बहन, तीसरी बार गेट के बाहर जाके सोना." ती नोकरी गेली असती तर बोईसरला खोली घ्यायचं नावच सोडायला लागलं असतं.

मग दोन-तीन आठवड्यांत पोर एकदम शहाणी झाली. मी दुपारी यायची तेव्हा झोळीत गाढ झोपलेली असायची. "तुझ्या हाताला गुण आहे हां," असं मी तुला म्हणालेसुद्धा. तू नुसती हसलीस आणि बोंबील बघायला गेलीस.

त्या दिवशी होड्या भरून आल्या होत्या. बोंबील म्हणजे नुसतं पाणी. जबड्यात जबडा अडकवून लगेच वलांडीवर चढवला नाही तर उन्हाने वास मारायला लागतो. मी एसटीतून उतरून येते तर सगळ्या बायका वाकलेल्या, कुणाला मान वर करायला सवड नाही. मी आत जाते. पोर झोळीत आहे. हाक मारते, हलत नाही. तळपायाला गुदगुल्या करते, हलत नाही. उचलते तर मान माझ्या दंडावरून खाली लोंबते. ओठ जांभळे. श्वास येतोय, मग येतच नाही, मग पुन्हा येतो. मी कशी ओरडले मला माहीत नाही. तू धावत आलीस, कोपरापर्यंत हात चिकट.

"काय दिलंस हिला?"

"सकाली दिलती. मंग दुपारची उठून वलांडीखाली आली, काम आवरंना, म्हनून आनखी एक दिली."

"अगं पण काय?"

"बालगोली. सगल्याच देतात गो. तुलाबी देऊनच वाढवली, मेलीस का तू?"

मी तुझ्या तोंडाकडे बघतच राहिले. अफूची गोळी, आणि ती तू वेखंड-जायफळाच्या घुटीसारखी सांगत होतीस!

बर्फाचा टेम्पो उभा होता, त्यातूनच पालघर गाठलं. डॉक्टर भडकलाच. मला म्हणाला, "तुम्ही औषधांच्या कारखान्यात काम करता आणि तुम्हाला कळू नये?" तूच मध्ये पडलीस. "हिला कायच ठाव नाय, डाक्तर. मीच दिली, मलाच बोला." दिवेलागणीला पोर कण्हली, मग भोकाड पसरलं. तसलं सुंदर रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. तू तिला घ्यायला हात पुढे केलेस. मी अख्ख्या वॉर्डासमोर म्हणाले, "खबरदार! यापुढे माझ्या पोरीला हात लावायचा नाही."

"नाय लावनार," तू म्हणालीस.

आये, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. तू ते खरं धरशील असं मला वाटलं का? तू बोईसरच्या खोलीवर यायचीस सुकट-बोंबील घेऊन, उंबऱ्याशी बसायचीस. पोर "आजी, आजी" करत धावायची की तू दोन्ही हात वर करायचीस. "लांबनंच बोल, बय." मला वाटायचं, नाटकं करतेय म्हातारी, रुसलीय, येईल वळणावर. मग एकदा मी नळावर होते आणि पोर तुझ्यासमोर पायरीवरून पडली. गुडघा फुटला. तू जागच्या जागी ओरडत होतीस, "आगो, ये गो, पोर पडली!" मी ओल्या लुगड्याने धावत आले तर ती रडतेय आणि तू स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसलेली. मी खेकसले, "उचलायचं ना तिला!" तू म्हणालीस, "तूच सांगितलंस ना." तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा तरी म्हणायचं होतं, आता लाव गं हात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी तासभर हुज्जत घालणारी मी, हे चार शब्द मला जमले नाहीत. अकरा वर्षं अशीच गेली. तू गेलीस तेव्हा पोर बारा वर्षांची होती. तिने तुझ्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे बघितलं, चालेल ना, अशा नजरेने.

हा कागद पोरीला द्यावा असं सकाळी वाटत होतं. तिला फोनही लावला. तिने उचलला, आणि मी विचारलं, काल उरलेल्या आमटीचं काय केलंस. आता कागद साड्यांखाली जाईल.

पण तुला तरी सांगते. पोर शहाणी झाली त्याच आठवड्यात सुपारीचं खांड हवं म्हणून मी तुझी चंची उघडली होती. आत कागदाची पुडी होती, त्यात मोहरीपेक्षा जराशा मोठ्या काळ्या गोळ्या. वास घेतला. कळलं. पुडी होती तशी दुमडली, चंची बांधून खुंटीला अडकवली, आणि पोरीच्या झोळीखाली चटई टाकून आडवी झाले. कितीतरी दिवसांनी पोटभर झोप लागली मला.