आईला भरवायची पाळी

व्हॅलेटा, माल्टा
रविवार

चि. रुचिरा,
नीताताईचे समुद्रापलीकडून खूप आशीर्वाद.

मी मजेत आहे. इथल्या वृद्धाश्रमातली ड्युटी आता अंगवळणी पडली. खांदा कॉलनीत पाणी नीट येतंय ना? आईचा खोकला थांबला का?

काल सुट्टी होती, म्हणून जुनं रुग्णालय पाहून आले. धर्मासाठी लढणाऱ्या सरदारांच्या एका पंथाने ते बांधलं. पंथ मध्ययुगातला. बड्या घराण्यांतले हे लोक तलवार चालवायचे, आणि पाळी लावून रोग्यांना स्वतःच्या हातांनी जेवण वाढायचे, तेही चांदीच्या ताटांत. रोग्यांना ते आपले धनी म्हणायचे. गाइड हे कौतुकाने सांगत होता आणि मला तुझा राग येत होता.

परवा व्हिडिओ कॉलवर आई माझ्याकडेच बघत मला म्हणाली, “रुचिराने भरवलं तरच मी जेवते. नीता कुठे असते गं हल्ली?” तू हसून विषय बदललास. मी फोन ठेवून रडले. मी रोज परक्यांच्या आयांना भरवते, आणि माझ्या आईला फक्त तुझा हात ओळखीचा.

तिच्यासाठी तू नोकरी सोडलीस, तुझी पाठ दुखते, सगळं कळतं मला. तरी हेवा वाटतो, आणि त्याची लाजही वाटते.

आज महिन्याभराची रजा टाकली. वीस तारखेला पोचते. तेवढे दिवस तू आराम कर, आईला मी भरवेन.

मात्र दार उघडल्यावर माझं नाव घेऊ नकोस. मला ती आपणहून ओळखते का, ते बघायचंय.

तुझी जळकुटी ताई,
नीता