जाणाऱ्याचा काउंट

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! नाशिक ते कोल्हापूर, अंगाचा पार भुगा झालाय, पण इतकी खूश आहे की स्टँडवर रिक्षावाल्याशी घासाघीस करायचीही विसरले. 'तिखटजाळ' बँडने मला ड्रमर म्हणून घेतलंय. मला! पतसंस्थेतली नोकरी सोडली तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, की ढोल बडवायला शिकवलं होतं का तुला? ठरवलंय, डिसेंबरात दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम कोल्हापुरात आहे, त्याला बाबांना पहिल्या रांगेत आणून बसवायचं. तोवर मीही फोन करणार नाही. मीही त्यांचीच मुलगी आहे.

खोली राजारामपुरीत, तानाबाईंकडे. सगळे त्यांना माई म्हणतात. इथे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ऐकायला मजा वाटते. "पावणं, तिखट चालतंय न्हवं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तांबडा रस्सा वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी. तरी वाटी पुन्हा पुढे केली.

५ नोव्हेंबर
प्रॅक्टिस उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारी लेथ मशिनं दिवसभर किंचाळत असतात, त्यामुळे आमच्या आवाजाबद्दल तक्रार करायला कुणाला तोंडच नाही. विजयसिंह गातो आणि गिटार वाजवतो. बँड त्याचाच, सगळे त्याला दादा म्हणतात. कृष्णात बास गिटारवर, कागलच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून येतो. सयाजी साउंड बघतो आणि मोजून चार शब्द बोलतो. माझं नाव ऐकून दादा म्हणाला, भैरवी झाली की मैफल संपती, तू तर सुरुवातीलाच आलीस की! हा विनोद मी बालवाडीपासून ऐकतेय.

इथली पद्धत मला आवडली. माझ्या कानात इअरफोन. त्यात सयाजीच्या लॅपटॉपवरून लयीची टिकटिक येते आणि प्रत्येक गाण्याआधी एक आवाज म्हणतो, एक, दोन, तीन, चार. मग मी काठ्या आपटत तोच काउंट मोठ्याने बाकीच्यांना द्यायचा. हा आवाज राजवीरचा, माझ्या आधीच्या ड्रमरचा. जाणाऱ्याने सगळ्या गाण्यांचे काउंट रेकॉर्ड करून द्यायचे, म्हणजे नवा चुकत नाही, असा या बँडचा रिवाज. राजवीर मस्कतला गेला, दादा म्हणाला. काय छान आवाज आहे! खर्जातला, धीराचा.

१२ नोव्हेंबर
पहिला कार्यक्रम, मलकापूर. रत्नागिरी रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो. कॉलेजची पोरं खुर्च्यांवर चढून "काटा किर्रर्र!" ओरडत होती. बाबांनी बघायला हवं होतं.

एकच खटकलं. तिसऱ्या गाण्याचा काउंट संपला आणि त्याच आवाजात, हळूच, "दमलीस काय?" मला हसूच आलं. नंतर सयाजीला म्हटलं, थट्टा कर, पण गाणं चालू असताना नको. तो म्हणाला, "माझ्याकडं माईकच न्हाय." खोटारडा. आई म्हणते, मी भाजीवालीच्या तराजूवरही संशय घेते. घेते. म्हणून तर कधी फसले नाही.

१६ नोव्हेंबर
कृष्णातला सहज विचारलं, राजवीर मस्कतला काय करतो? तो म्हणाला, मस्कत? बेंगलोरला हाय की. मग सयाजीला विचारलं. तो म्हणाला, लगीन झालं, बेळगावला सासऱ्याची पोल्ट्री बघतोय. एकच माणूस, तीन गावं. खोटं बोलायचंच तर आधी एकत्र बसून ठरवावं माणसाने.

२० नोव्हेंबर
हुपरी. दुपारी आईसाठी पैंजण घेतले. कार्यक्रमात पहिल्याच गाण्याआधी, काउंटच्या जागी: "त्यास्नी इचार, मी कुठं हाय."

काठी हातातून सुटली. दादाने मागे वळून पाहिलं आणि गाणं सुरूच ठेवलं. संपल्यावरही काय झालं म्हणून विचारलं नाही. जो विचारत नाही, त्याला माहीत असतं. सयाजीचे दोन्ही हात तेव्हा मिक्सरवर होते, मी पाहिलंय. ओठही मिटलेले.

२१ नोव्हेंबर
सयाजी चहाला गेला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवरून सगळे काउंट पेनड्राइव्हवर घेतले. खोलीवर येऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. टिकटिक आणि एक, दोन, तीन, चार. बाकी काही नाही. म्हणजे जे मला ऐकू येतं ते रेकॉर्ड केलेलं नाही.

घरी फोन करावासा वाटला. केला नाही. बाबा म्हणतील, सांगितलं होतं. पतसंस्थेत माझ्या जागी दुसरी आलीही. हे ड्रममागचं स्टूल गेलं तर माझ्याकडे काही उरत नाही.

२५ नोव्हेंबर
दादा आज फार गोड बोलत होता. म्हणाला, तुझेबी काउंट देऊन टाक एकदा, शेडच्या मागच्या खोलीत बसून. मी म्हटलं, ते जाणाऱ्याने द्यायचे ना? मी कुठे चाललेय? "असू दे की. घरचंच काम." मी स्पष्ट नाही म्हणाले. त्याचं हसू गेलं नाही, पण डोळे हसत नव्हते.

कृष्णात चहाच्या गाडीपर्यंत मागे आला. म्हणाला, दिऊ नगंस. राजवीर कुठं गेला न्हाय. मागच्या खोलीत काउंट द्यायला बसला, मी दाराबाहेर तारा बदलत होतो, शेवटचा काउंट झाला, आत बघितलं तर खुर्चीवर हेडफोन, माणूस न्हाय. खोलीला दुसरं दार न्हाय. पोलिसांत दिलं, काय निघालं न्हाय. त्याच्या आधीचा पृथ्वीराज, त्याचंबी असंच. एकेक गेला तसा बँड घट्ट झाला, तारखा वाढल्या. मी विचारलं, मग तू कसा राहिलास? म्हणाला, काउंट ड्रमरच देतो. जा घरला.

रात्रभर विचार केला. कृष्णातचा मावसभाऊ ड्रम वाजवतो, दादानेच सांगितलं होतं. मला पळवून लावलं की जागा कुणाला मिळणार? मला काय दुधखुळी समजतात? काउंट देणार नाही आणि जाणारही नाही. कोल्हापूरचा कार्यक्रम होईपर्यंत तर नाहीच.

२ डिसेंबर
कागल. आज राजवीर प्रत्येक गाण्याआधी बोलला. एकच शब्द. पळ. पळ. मी मुद्दाम त्याच्याहून मोठ्याने काउंट दिला. घसा बसलाय. लोक म्हणाले, असा बँड पाहिला नाही.

४ डिसेंबर
सयाजीचा मेसेज. तसाच उतरवते. "काउंटचं टेन्शन घेऊ नको. ड्रमवरच्या माईकमध्ये तुझे सगळे आलेत. मलकापूर, हुपरी, कागल. कापून जोडलेत. छान झालेत."

प्रत्येक गाण्याआधी. मीच. ओरडून. मागच्या खोलीत बसायची गरजच नव्हती —

कृष्णात खरं बोलत होता. आणि मी त्याच्यावरच —

बॅग भरते.

५ डिसेंबर
सकाळी माईंनी सगळ्यांना वाढलं. मला नाही. मी त्यांना दोनदा हाक मारली, मान वर झाली नाही. माझ्या कॉटवरची चादर ओढून काढली, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, खोली मोकळी झाली, यायचं असलं तर या.

स्टँडवर नाशिकचं तिकीट मागितलं. खिडकीतला माणूस माझ्या मागच्याशी बोलला. गाडीत बसले तर एक बाई माझ्या मांडीवर पिशवी ठेवायला लागली — पिशवी खाली सीटवर टेकली. मी तिथेच —

परत खोलीवर आले. कशी आले, आठवत नाही.

ग्रुपवर दादाचा मेसेज. नव्या ड्रमरचं, सोलापूरच्या आदर्शचं स्वागत. खाली कुणीतरी विचारलंय, भैरवी? दादा: नाशिकला गेली, लगीन ठरलं.

६
कानात काही नाही. तरी टिकटिक. आदर्श प्रॅक्टिसला बसला असणार. तो बसला की माझं तोंड आपोआप — दाबून धरलं तरी — त्याला पळ म्हणायचंय. राजवीरने कसं जमवलं? किती दिवस लागले असतील त्याला —

आदर्श दादाला म्हणाला, काउंटचा आवाज छान आहे बाईंचा. मी किंचाळत होते.

बाबांना फोन लागला. पहिल्या रिंगला उचलला. भैरवी, बोल बाळा, म्हणाले. रागावले नव्हते. मुळीच नव्हते. मी म्हटलं, बाबा, मला न्यायला या. सगळं सांगितलं. ते आईला म्हणाले, नंबर तिचाच आहे गं, पण नुसतं एक, दोन, तीन, चार चाललंय. थट्टा करतेय आपली. ठेवला.

परत लावते. काही सांगायचं नाही, फक्त बाबा म्हणायचं. दोनच अक्षरं. रिंग जातेय. उचलला —

बा— एक, दो