तालुकदारांची चाकं

लातूर, आश्विन वद्य चतुर्थी, १९९८

आदरणीय श्रीनाथराव यांस,

रेणुकादासाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या मनातल्या मनात). गोदाकाठी आपण उभयता सुखरूप असाल, वहिनींची साखर आटोक्यात असेल आणि रेल्वेतून निवृत्त होऊनही रोज नांदेड स्टेशनवर जाऊन गाड्यांचे उशीर तपासण्याचा आपला नेम चालू असेल, असं धरून चालतो. इकडे आपली भगिनी सौदामिनी ठीक आहे. मी ठीक आहे. जमीनही गेले काही महिने ठीक आहे. लातूरकराने खुशालीत तिचाही उल्लेख करावा, अशी त्र्याण्णवपासून पद्धतच पडली आहे.

पत्रास कारण आपल्या वडिलांची, म्हणजे आता आमची, मोटार. पोलीस ॲक्शननंतर निजामाचे तालुकदार हैदराबादेस निघून गेले, तेव्हा त्यांची ही विलायती मोटार आपल्या वडिलांनी घेतली आणि पुढे लेकीचं आंदण म्हणून माझ्या दारात आणून उभी केली. (इतर जावयांना घड्याळ मिळतं.) घरात तिला आम्ही अजून 'तालुकदार'च म्हणतो, कारण ती कुणाचं ऐकत नाही. गेली काही वर्षं तालुकदार सरळ चालत नाहीत. कधी डावीकडे झुकतात, कधी उजवीकडे. आमची गंजगोलाई आपण पाहिलेली आहे. तिथून सोळा रस्ते फुटतात आणि त्यातला कुठला घ्यायचा हे मी ठरवत नाही. मी भाजीला निघतो आणि तालुकदार सराफ्यात शिरतात. मागे बसलेल्या सौदामिनीची त्याला कधीच हरकत नसते. मला मात्र ओळखीच्या सराफांना नमस्कार करत करत गाडी बाहेर काढावी लागते.

आता चिरंजीव आलोक. लातुरात सध्या दोनच धंदे तेजीत आहेत : पोरांना डॉक्टर करणं आणि डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना खाट भाड्याने देणं. आलोकचा क्लास आहे, म्हणजे पहिला आहेच, त्याला दुसराही हवा आहे, आणि त्यासाठी त्याचा डोळा मोटारीच्या पत्र्याच्या शेडवर आहे. त्याने फर्मान काढलं की भाऊबीजेला मोटार नांदेडला मामांकडे सरळ जाऊन सरळ परत येण्यासारखी झाली तर वाचली. नाही तर ती भंगारात आणि शेडमध्ये खाटा. मी जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस. सरळ रेषा म्हणजे काय हे मला पोटच्या पोराने सांगावं! मी आव्हान स्वीकारलं.

औसा रोडला कॉम्प्युटरवर चाकं जुळवून देणारं नवं दुकान निघालंय, तिथे गेलो. दुकानदार चंद्रप्पा, निलंग्याकडचा, भला माणूस. त्याने चाकांना चिमटे लावायला घेतले, तर आपल्या तारांच्या चाकांवर ते बसेनात, शेवटी सुतळीने बांधले. मग कॉम्प्युटरने गाडीचं नाव विचारलं. ते त्याच्या यादीत अर्थातच नव्हतं. जवळचं म्हणून चंद्रप्पाने एका जीपचं नाव दाबलं आणि पडदा लालभडक झाला. "सर," तो घाम पुसत म्हणाला, "कंपूटर म्हणायलाय, इथं गाडीच न्हाई." मग तो चाकांचा कल बदलायचे पेच शोधायला खाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. हल्लीच्या गाड्यांना म्हणे प्रत्येक चाकाचा वेगळा बंदोबस्त असतो. तालुकदारांना पुढे एकच अखंड लोखंडी तुळई, आणि तिच्या दोन टोकांना दोन चाकं. फिरवायला काही ठेवलेलंच नाही (निजामी कारभार). फिरतो तो एकच, दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा; तो लांब-आखूड केला की चाकांची तोंडं आत-बाहेर होतात. म्हणजे प्रश्न एवढाच, की दोन चाकांमधलं अंतर पुढून किती आणि मागून किती. हा तर माझाच विषय! मी कॉम्प्युटरचा निरोप घेतला आणि चंद्रप्पाला मागे बसवून घरी आलो.

पण मापाला सपाट जमीन लागते, आणि लातुरातल्या कुठल्याही जमिनीवर माझा आता विश्वास नाही. उरली एकच जागा, आलोकच्या क्लासचा नवा हॉल. त्यात भूकंपाच्या धास्तीने इतकं लोखंड घातलंय, की कंधारच्या किल्ल्याने लाजावं. आलोक जाहिरातीचे फलक लावायला परभणीला गेला होता. हॉलमध्ये मुलांची चाचणी चालू होती. मी ज्येष्ठतेच्या अधिकाराने ती थांबवली, बाकं भिंतीला लावली आणि साऱ्या वर्गाने ढकलत तालुकदारांना फळ्यासमोर आणून उभं केलं. खडूच्या रेघा मारल्या, दोरा ताणला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा चांगलं चार बोटं कमी! मी मुलांना विचारलं, कारण काय असेल? सगळ्यांनी पेनं उचलली. शेवटी इरा नावाच्या एका हुशार मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "सर, पर्याय?" पर्याय दिल्याशिवाय या पिढीचं डोकं चालू होत नाही. मी फळ्यावर लिहिलं : टायर, ब्रेक, चालक, भूकंप. प्रचंड बहुमताने भूकंप आला. (दोघांनी 'चालक' निवडलं. त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.) खरं सांगायचं तर माझंही उत्तर तेच होतं. आमच्याकडे भिंतीला तडा गेला, हापशाचं पाणी आटलं, जावयाची नोकरी सुटली, तरी नाव भूकंपाचंच निघतं.

मग मी खडू घेऊन गाडीखाली सरकलो. दांड्याला बरोबर मधोमध खोल बाक, बाकात कुंकवाचा थर, थरात नारळाच्या शेंडीचे धागे, आणि करवंटीचा एक तुकडा, तो माझ्या डोळ्यात पडला. श्रीनाथराव, लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आपल्या वडिलांनी मला बजावलं होतं, की जावईबापू, नारळ बंपरवर फोडायचा नाही, चकाकी जाते; खाली दांड्यावर फोडायचा. ते स्वतः नुसत्या हाताने फोडत. माझ्या मनगटात ते बळ नाही, म्हणून मी नारळ दांड्यावर टेकवून घणाने फोडतो, दर खंडेनवमीला, न चुकता. भूकंपातून वाचलो त्या वर्षी तर नवसाचे अकरा फोडले. दोष कुणाचा हे मी ठरवत नाही. आज्ञा कुणाची होती तेवढं नमूद करतो.

चंद्रप्पाने दांडा काढला, तापवून सरळ केला आणि पुन्हा बसवला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचितच कमी ठेवलं, कारण धावताना चाकं थोडी फाकतात. संध्याकाळी गोलाईला फेरी मारली. तालुकदार सराफ्याकडे ढुंकूनही न बघता सरळ भाजीबाजारात! सौदामिनीचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (करवंटीचं नव्हे), आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पण आनंद फार टिकला नाही. गोलाईत गुंडप्पा सर उभे होते. त्यांचा क्लास आलोकच्या दसपट मोठा. बोर्डात आलेल्या मुलांची ते दरवर्षी वाजतगाजत मिरवणूक काढतात, आणि उघडी विलायती मोटार सरळ चालताना बघून त्यांचं चित्त विरघळलं. रात्रीच्या आत ते आमच्या घरी हजर. आलोक परभणीहून परतला तो थेट सौद्यालाच बसला. मी वचनाची आठवण करून दिली तर म्हणतो, "बाबा, भंगारात देणार न्हाई म्हणलो होतो. विकणार न्हाई असं कुठं म्हणलो?" भाऊबीजेआधीच बयाणा घेऊन मोटार द्यायचं ठरलंय. वाकडी होती तोवर कुणी तिच्याकडे बघत नव्हतं; मीच खपून तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. भाऊबीजेला येतोच आहोत, बहुधा एसटीने.

आपला,
रेणुकादास

ता. क. आलोक माझं ऐकत नाही, पण मामांना टरकतो. आपण त्याला दोन ओळी लिहाव्यात, की मोटार आंदणाची आहे, म्हणजे सौदामिनीची आहे आणि तिच्या परवानगीवाचून विकता येणार नाही.

आणखी ता. क. हे मी स्वतःसाठी मागत नाही. भूकंपापासून सौदामिनीला स्लॅबखाली चैन पडत नाही. रोज दुपारी मेथीची जुडी घेऊन ती मोटारीत मागे जाऊन बसते. म्हणते, हिचं छत पडलं तर पडलं, ताडपत्रीच आहे. तिला एकटं वाटू नये म्हणून मी पुढे स्टिअरिंगपाशी बसतो. मोटार गेली तर त्या बिचारीने कुठे बसायचं? मी हे लिहिल्याचं तिला कळवू नये.

दादा, सौदामिनीचा नमस्कार. पत्र मांडीवर ठेवून हे स्टिअरिंगवरच झोपलेत, म्हणून वाचलं. मला भूकंपाची भीती आता वाटत नाही. ती यांची अजून गेलेली नाही. घरात पाठ टेकली की छताकडे बघत पडून राहतात, डोळा लागत नाही. इथे मी मागे बसले की मला सोबत करायला म्हणून येतात आणि घटकाभरात घोरायला लागतात. ताडपत्रीचं ते बोलणंही यांचंच, माझं नव्हे. तेव्हा आलोकला जरा कडक लिहा, आणि माझंच नाव घालून लिहा, यांना काही कळू देऊ नका. मेथी काय, मला स्वयंपाकघरातही निवडता येते.